वाहिनी विस्फारक औषधे

रक्तवाहिन्यांच्या भित्तींतील अरेखित (अनैच्छिक) स्नायू शिथिल करून त्यांची पोकळी रुंद करणाऱ्या औषधांना ‘वाहिनी विस्फारक औषधे’ म्हणतात. हृद्‌शूल (हृदयाच्या स्नायूस रक्त अपुरे पडल्यामुळे होणारी छातीतील वेदना), हृदयाची अकार्यक्षमता, हातापायांच्या रोहिण्यांचे विकार इ. अनेक अवस्थांत ती वापरतात, तथापि त्यांचा सर्वांत मोठा उपयोग अतिरक्तदाबात (रक्तदाब कायम १४०/९० मिमी. पारा वा त्याहून अधिक असण्याच्या अवस्थेत) होतो व प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचाच विचार केला आहे.

वाहिनी रुंद केली की दाब उतरतो, हे विधान ऐकण्यास सरळ आहे. या औषधांच्या वापराचा इतिहास मात्र तितका सरळ नाही. दाब उतरूनही रुग्णास अपाय झाल्याची उदाहरणे त्यात आहेत. कोणत्या वाहिन्या रुंद होतात, किती वेगाने होतात आणि शरीर त्यास कसा प्रतिकार करते, या तीन गोष्टींवर औषधाची उपयुक्तता ठरते.

वाहिन्यांची रचना व रोध : हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भित्ती मुख्यतः लवचिक ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या—पेशींच्या—समूहाची) असते. शाखा जसजशा लहान होत जातात, तसतसे तिच्यातील स्नायूंचे प्रमाण वाढते. अगदी लहान रोहिण्या व केशवाहिन्यांना रक्त पुरविणाऱ्या रोहिणिका यांच्या भित्तीत अरेखित स्नायुतंतू वर्तुळाकार गुंडाळलेले असतात. त्यांच्या आकुंचन-शिथिलनाने पोकळी अरुंद वा रुंद होते. कालव्याच्या चाऱ्यांवर बसविलेल्या दारांनी ज्याप्रमाणे कोणत्या शेतास किती पाणी जाईल हे ठरते, तसेच काहीसे हे आहे. महारोहिणीतील मध्य दाब सु. ९५ मिमी. पारा असतो, केशवाहिन्यांच्या आरंभी तो सु. ३० ते ३५ मिमी.वर आलेला असतो. म्हणजे दाबाचा बहुतेक उतार या सूक्ष्म वाहिन्यांत होतो आणि रक्तप्रवाहास होणारा रोधही मुख्यत्वे येथेच असतो. 

रोध व पोकळीची रुंदी यांचा संबंध झां प्वाझय या फ्रेंच वैद्यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून दाखविला. रोध हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली, तर रोध जवळजवळ एकतृतीयांशाने घटतो. २० टक्क्यांनी वाढली, तर तो निम्म्याहूनही कमी होतो. जिवंत वाहिनी म्हणजे काचेची नळी नव्हे आणि रक्त म्हणजे पाणी नव्हे, म्हणून हा हिशोब शरीरात तंतोतंत उतरत नाही. परंतु काही मिलिग्रॅम औषधाने रक्तदाबात एवढा फरक का पडतो, याचे उत्तर त्यात आहे.

नीलांची (अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्यांची) भित्ती पातळ असते व रोधात त्यांचा वाटा अल्प असतो. शरीरातील सु. दोनतृतीयांश रक्त मात्र कोणत्याही क्षणी त्यांच्यात साठलेले असते. त्यामुळे नीला रुंद करणाऱ्या औषधाने रोध फारसा उतरत नाही, तर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. रोहिणिका विस्फारक व नीला विस्फारक हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे.

स्नायूंचे आकुंचन : अरेखित स्नायूच्या आकुंचनास कॅल्शियमाचे आयन आवश्यक असतात. कोशिकेच्या पटलातील विशिष्ट मार्गांनी ते आत शिरतात, कॅल्मोड्युलीन नावाच्या प्रथिनाशी संयोग पावतात व त्यातून आकुंचनाची रासायनिक साखळी सुरू होते. हे मार्ग उघडण्याचे वा आतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे करण्याचे संकेत तीन ठिकाणांहून येतात. अनुकंपी तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांतून नॉरॲड्रेनॅलीन स्रवते व ते स्नायूवरील आल्फा ग्राहकांना चिकटते. रक्तातून अँजिओटेन्सीन-२ सारखी प्रबळ वाहिनी संकोचक द्रव्ये येतात. तिसरे ठिकाण म्हणजे वाहिनीचे आतील अस्तर. हा अंतःस्तर केवळ गुळगुळीत आच्छादन आहे असा समज पुष्कळ काळ होता. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखविले की, अंतःस्तर खरवडून काढलेली रोहिणी ॲसिटिलकोलिनाने शिथिल होत नाही. अंतःस्तरातून निघणारे ते शिथिलक द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे १९८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. या संशोधनाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिड म्यूरॅड यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या नायट्रोग्लिसरिनापासून ॲल्फ्रेड नोबेल यांनी सुरुंगाची दारू केली, त्याच पदार्थाचा हृद्‌शूलावरील गुण या वायूमुळे उलगडला.

अतिरक्तदाबात या वाहिन्याच बदलतात. सतत वाढलेल्या दाबाखाली लहान रोहिण्यांची भित्ती पोकळीच्या मानाने जाड होते, अंतःस्तराची नायट्रिक ऑक्साइड देण्याची क्षमता घटते आणि मानेतील व महारोहिणीच्या कमानीतील दाबग्राहक वाढलेल्या दाबालाच ‘प्राकृत’ मानू लागतात. रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. उपचार सुरू करताना वैद्याची गाठ अशा आधीच बदललेल्या, वाढीव दाबाला सरावलेल्या वाहिन्यांशी असते. अँजिओटेन्सिनाला अडविणारी व कॅल्शियमरोधक औषधे दीर्घकाल घेतल्यास जाड झालेली भित्ती काही प्रमाणात पूर्ववत होते, असे त्वचेखालच्या लहान रोहिण्यांच्या अभ्यासात आढळले आहे. केवळ हृदयाची गती कमी करणाऱ्या जुन्या बीटारोधकांनी दाब तितकाच उतरूनही हा परिणाम दिसत नाही.

इतिहास : लॉडर ब्रंटन यांनी १८६७ मध्ये एडिंबरो येथे हृद्‌शूलावर अमिल नायट्राइट हुंगविले, तेव्हापासून वाहिनी विस्फारकांचा आधुनिक वापर सुरू झाला असे मानतात. १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनाचा उपयोग प्रसिद्ध केला. ही औषधे मुख्यतः नीलांवर कार्य करतात, त्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो व सतत घेतल्यास ती निष्प्रभ होतात. सुरुंगाच्या दारूच्या कारखान्यांतील कामगारांना रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर येताच तीव्र डोकेदुखी होई आणि आठवड्याच्या मध्यापर्यंत ती नाहीशी होई, हे या सवयीचेच उदाहरण होय. दीर्घकालीन अतिरक्तदाबावर त्यांचा उपयोग नव्हता.

त्या विकारावरील पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक भारतातून, आणि जगाच्या दृष्टीस मुंबईतून आले. कोकण व सह्याद्रीच्या ओलसर जंगलांतही आढळणाऱ्या सर्पगंधा या क्षुपाचे (झुडपाचे) मूळ उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर परंपरेने वापरात होते. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाब उतरत असल्याचे नोंदविले होते. परंतु ते निरीक्षण भारताबाहेर फारसे पोहोचले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी ५० रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल  या नियतकालिकात मांडला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळातील रिसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार देण्यात आला.

रिसर्पीन स्नायूवर प्रत्यक्ष कार्य करीत नाही. ते अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनाचे साठे रिकामे करते. संकेतच न आल्याने रोहिणिका सैल पडतात. त्यास अप्रत्यक्ष वाहिनी विस्फारक म्हणता येईल. मेंदूतील साठेही त्याच प्रकारे रिकामे होत असल्यामुळे मोठ्या मात्रेत मन खिन्न होते व मुख्यतः या कारणाने ते पुढे मागे पडले.

त्याची खरी परीक्षा १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली. ज्यांचा प्रसरणकालीन (खालचा) दाब ११५ ते १२९ मिमी. होता अशा १४३ पुरुषांपैकी काहींना रिसर्पीन, हायड्रॅलाझीन व एक मूत्रल (मूत्राचे प्रमाण वाढविणारे) औषध देण्यात आले. इतरांना निरुपद्रवी गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटात २७ जणांना गंभीर उपद्रव झाले, तर औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांना. दाब हा वयोमानाने वाढायचाच, तो उतरविणे अनावश्यक वा धोक्याचे, असे म्हणणाऱ्या वैद्यांचे मत या आकड्यांनी निकालात काढले. त्या तीन गोळ्यांतील एकीचे मूळ सर्पगंधेत होते, याची आठवण महाराष्ट्रात फारशी ठेवली गेलेली नाही.

शरीराचा प्रतिकार : वरील तीन औषधे एकत्र का दिली, हे समजून घेणे म्हणजे या विषयाचे मर्म जाणणे होय. १९५० च्या दशकाच्या आरंभी प्रचारात आलेले हायड्रॅलाझीन रोहिणिकांचे स्नायू थेट शिथिल करते. दाब उतरताच दाबग्राहकांना तो धोका वाटतो. अनुकंपी तंत्रिका उद्दीपित होऊन हृदय जोराने व जलद धडधडू लागते. दुसरीकडे मूत्रपिंडे (वृक्के) रेनीन स्रवू लागतात आणि लवण व पाणी राखून ठेवतात. काही आठवड्यांत रक्ताचे आकारमान वाढते, पायांवर सूज येते व उतरलेला दाब पुन्हा चढतो. रुग्णास वाटते औषध ‘अंगवळणी पडले’. वस्तुतः औषध आपले काम करीतच असते, शरीराने त्यावर मात केलेली असते. रिसर्पीन (पुढे बीटारोधके) हृदयाची धडधड आवरते, मूत्रल औषध साठलेले लवण बाहेर काढते आणि मग वाहिनी विस्फारकाचा पूर्ण परिणाम दिसतो. एक जोरकस औषध वाढवीत नेण्यापेक्षा भिन्न मार्गांनी कार्य करणारी दोन-तीन औषधे लहान मात्रेत देणे अधिक हितकर, ही आजची पद्धती येथूनच आली.

याच गटातील मिनॉक्सिडील अधिक प्रबळ आहे. ते स्नायूतील पोटॅशियमाचे मार्ग उघडून कॅल्शियमाचा प्रवेश अडविते. त्याने लवणसंचय इतका होतो की, मूत्रल औषधाविना ते देताच येत नाही. अंगावर व चेहऱ्यावर केस वाढणे हा त्याचा अनिष्ट परिणाम अनेक स्त्रियांना असह्य झाला. टकलावरील औषध म्हणून तोच आज त्याचा मुख्य व्यापार आहे. हायड्रॅलाझीन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास सांधेदुखी, ताप व त्वचेवर पुरळ असा एक विकार उद्‌भवतो. औषध थांबविल्यावर तो बहुधा बरा होतो.

कॅल्शियमरोधके : १९६० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी व्हेरापामिलासारखी काही द्रव्ये कॅल्शियमाचा प्रवेश रोखतात हे ओळखले. त्यांपैकी निफेडिपीन व त्याच्या वर्गातील औषधे हृदयापेक्षा रोहिणिकांवर अधिक कार्य करतात. निफेडिपिनाची कुपी टोचून त्यातील द्रव जिभेखाली टाकण्याची प्रथा एके काळी दवाखान्या-दवाखान्यांत होती. दाब मिनिटांत खाली येई, वैद्य व नातेवाईक दोघांचेही समाधान होई. त्यात एक मोठा धोका दडलेला होता. मेंदूच्या रोहिणिका दाबातील चढउतारानुसार स्वतःची रुंदी बदलून रक्तपुरवठा स्थिर राखतात. परंतु ही सोय दाबाच्या ठराविक मर्यादांतच चालते आणि जुन्या अतिरक्तदाबात या मर्यादा वर सरकलेल्या असतात. इतरांना प्राकृत वाटणारा दाब अशा रुग्णाच्या मेंदूला अपुरा पडू शकतो. दाब एकदम कोसळल्याने पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आल्याची वृत्ते जमत गेली आणि १९९६ मध्ये ही प्रथा थांबवावी अशी उघड मागणी वैद्यकीय नियतकालिकांतून झाली. अतिरक्तदाबातील खऱ्या आणीबाणीतही पहिल्या तासात मध्य दाब २५ टक्क्यांहून अधिक उतरवू नये, असा आजचा संकेत आहे. त्यासाठी रुग्णालयात शिरेतून नायट्रोप्रुसाइड, लॅबेटॅलॉल, निकार्डिपीन यांसारखी औषधे थेंबाथेंबाने, मिनिटामिनिटाला दाब मोजत देतात. नायट्रोप्रुसाइडाने रोहिणिका व नीला दोन्ही काही क्षणांत रुंद होतात. प्रकाशाने ते बिघडते म्हणून बाटली झाकून ठेवावी लागते आणि दीर्घकाळ दिल्यास शरीरात सायनाइड साचण्याचा धोका असतो.

१९९० नंतर प्रसृत झालेले ॲम्लोडिपीन याच वर्गातील असले, तरी त्याचा परिणाम सावकाश चढतो व चोवीस तासांहून अधिक टिकतो. दिवसातून एकदाच घ्यावयाची, स्वस्त, एखादे वेळी चुकली तरी दाब एकदम न उसळू देणारी ही गोळी ग्रामीण भागास विशेष सोयीची ठरली. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या अतिरक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे प्रथम घेण्यात आले. त्याच्या उपचारक्रमात आरंभीचे औषध म्हणून ॲम्लोडिपिनाची निवड झाली व दाब न उतरल्यास टेल्मिसार्टन आणि मूत्रल औषध यांची जोड देण्याची पद्धत ठरली.

ॲम्लोडिपिनाने घोट्यांवर सूज येते, विशेषतः मात्रा १० मिग्रॅ. असल्यास. रोहिणिका रुंद होतात, पण केशवाहिन्यांच्या पलीकडील सूक्ष्म नीला तशा होत नाहीत; त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव ऊतकात झिरपतो. हा लवणसंचय नव्हे, म्हणून मूत्रल औषधाने ही सूज फारशी ओसरत नाही. मात्रा कमी केल्याने, अथवा नीलाही रुंद करणाऱ्या पुढील गटातील औषधाची जोड दिल्याने ती कमी होते.

आल्फारोधके व विंचूदंश : प्राझोसीन हे औषध रोहिणिका व नीला या दोहोंवरील आल्फा ग्राहक अडविते. १९७० च्या दशकात अतिरक्तदाबासाठी ते प्रचारात आले. पहिल्या गोळीनंतर उभे राहताच घेरी येण्याचा प्रकार लवकरच लक्षात आला, म्हणून पहिली मात्रा अल्प व झोपतेवेळी देतात. त्याच वर्गातील डॉक्साझोसिनाची अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत मूत्रल औषधाशी तुलना करण्यात आली. डॉक्साझोसीन घेणाऱ्यांत हृदयाच्या अकार्यक्षमतेचे प्रमाण सु. दुप्पट आढळल्याने चाचणीचा तो भाग २००० मध्ये मुदतीपूर्वी बंद करावा लागला. दोन्ही गटांतील दाबात फरक अगदी थोडा होता. आल्फारोधके तेव्हापासून पहिल्या पसंतीची औषधे राहिली नाहीत.

महाराष्ट्रात मात्र प्राझोसिनाचे नाव निराळ्याच कारणाने अमर झाले आहे. लाल विंचवाच्या विषाने अनुकंपी तंत्रिकांतून नॉरॲड्रेनॅलीन व ॲड्रेनॅलीन यांचा अक्षरशः लोंढा सुटतो. सर्व वाहिन्या आवळल्या जातात, निरोगी मुलाचाही रक्तदाब भयावह चढतो, हातपाय गार पडतात, घाम सुटतो आणि ताण असह्य झालेले हृदय थकून फुप्फुसांत द्रव साचतो. काही तासांत अतिरक्तदाबाचा संपूर्ण इतिहासच जणू शरीर जगून घेते. बुलढाण्यास लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना असे रुग्ण पाहिले. १९८२ मध्ये त्यांनी या दंशाची हृदयविषयक लक्षणे लॅन्सेट मध्ये वर्णिली. मुळात विकार वाहिन्या आवळल्या जाण्याचा आहे, तर वाहिन्या सोडविणे हाच उपचार, असा तर्क करून त्यांनी प्रथम नायट्रोप्रुसाइड व नंतर तोंडाने घेण्याजोगे प्राझोसीन वापरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला प्राझोसीनविषयक लेख १९८६ मध्ये लॅन्सेट मध्येच प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी तीव्र लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. वेळेवर प्राझोसीन मिळू लागल्यावर ते अत्यल्प झाले. पुढे प्रतिविष उपलब्ध झाल्यानंतर ७० रुग्णांवर केलेल्या व २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्राझोसिनास प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरे होतात असे त्यांनीच दाखविले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली. अतिरक्तदाबात ज्या औषधाची पत घसरली, त्याने कोकणातील शेकडो मुलांचे प्राण वाचविले, हा वैद्यकातील एक मोठा योगायोग होय.

अँजिओटेन्सीनरोधके व मूत्रपिंड : ब्राझीलमधील जराराका या सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध निर्माण झाले व १९८१ पासून प्रचारात आले. ते व एनालाप्रिल इ. औषधे अँजिओटेन्सीन-२ तयार होऊ देत नाहीत. लोसार्टन, टेल्मिसार्टन इ. औषधे त्याचे ग्राहक अडवितात. पहिल्या गटाने काही रुग्णांना कोरडा खोकला येतो, दुसऱ्याने तो सहसा येत नाही. हृदयाची गती न वाढविता व लवण न साठविता रोहिणिका आणि नीला दोन्ही रुंद करणे, हे दोन्ही गटांचे वैशिष्ट्य होय.

मूत्रपिंडातील गाळण्या म्हणजे केशवाहिन्यांचे गुच्छ असून प्रत्येक गुच्छास रक्त आणणारी एक व नेणारी एक अशा दोन रोहिणिका असतात. ॲम्लोडिपीन आणणारी रोहिणिका रुंद करते, त्यामुळे गुच्छातील दाब काहीसा वाढू शकतो. अँजिओटेन्सीनरोधके नेणारी रोहिणिका रुंद करतात आणि गुच्छातील दाब उतरवितात. मूत्रातून प्रथिन जात असलेल्या रुग्णांत त्यांना अग्रक्रम देतात तो यासाठी. सुरुवातीस रक्तातील क्रिॲटिनीन थोडे वाढते. ही वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल, तर ती औषधाच्या कार्याचीच खूण समजावी. त्याहून अधिक असल्यास अथवा पोटॅशियम वाढल्यास मात्र पुनर्विचार करावा लागतो. याकरिता औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत रक्ततपासणी अवश्य असते व ग्रामीण भागात नेमकी तीच राहून जाते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. या जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानतात. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती व अकोला जिल्ह्यांतून आलेला खारपाणपट्टा पसरलेला असून तेथील भूजल खारे आहे व त्यात सोडियमाचे प्रमाण अधिक असते. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील गावांतून मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी अनेक वर्षे पुढे येत आहेत. मूत्रपिंड बिघडले की दाब चढतो आणि चढलेला दाब मूत्रपिंड आणखी बिघडवितो. या चक्रात सापडलेल्या रुग्णास वाहिनी विस्फारके आयुष्यभर घ्यावी लागतात. सोडियम पोटात अधिक जात असल्यास अँजिओटेन्सीनरोधकांचा गुण बराच कमी होतो. जेवणातील मीठ मोजले आणि पिण्याचे पाणी विसरले, असे येथे होऊ नये. अशा गावात ॲम्लोडिपिनाने पाय सुजले, तर मूत्रपिंडे निकामी झाल्याची भीती घरात पसरणे स्वाभाविक आहे. उलट मूत्रपिंडविकाराचीच सूज गोळीची म्हणून सोडून देणे अधिक घातक. मूत्रातील प्रथिन व रक्तातील क्रिॲटिनीन तपासल्याने दोहोंतील भेद कळतो. केवळ पायाकडे पाहून तो कळत नाही.

दुसरा धोका वेदनाशामकांचा. दिवसभर निंदणी-वेचणी केल्यानंतर कंबरदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन इ. गोळ्या मूत्रपिंडातील रक्त आणणारी रोहिणिका आवळतात. नेणारी रोहिणिका आधीच औषधाने सैल झालेली, आणणारी आवळलेली व त्यात मूत्रल औषधाने पाणी कमी झालेले, अशा तिहेरी योगात गाळण्यांतील दाब कोसळून मूत्रपिंड अल्पावधीत बंद पडू शकते. जुलाब-उलट्या होत असताना वा ऊन लागून पाणी आटले असताना अँजिओटेन्सीनरोधके व मूत्रल औषधे वैद्याच्या सल्ल्याने काही दिवस थांबविणे योग्य.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या पुष्कळ वर जाते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील वाहिन्या आधीच रुंद झालेल्या असतात व घामाने लवण-पाणी गेलेले असते. त्यावर वाहिनी विस्फारकाची हिवाळ्यात ठरविलेली मात्रा भारी पडून उभे राहताच अंधारी येते. वृद्ध रुग्णांत अशा वेळी बसून व उभे करून असा दोनदा दाब मोजावा. मात्रा कमी करण्याचा निर्णय या मोजणीवरून घ्यावयाचा असतो. रुग्णाने आपणच गोळी सोडली, तर पावसाळा संपता संपता, थंडीने वाहिन्या आवळू लागतात तेव्हा, दाब पुन्हा वर गेलेला आढळतो आणि मधल्या काळात तो मोजलेलाच नसतो.

गर्भावस्थेत अँजिओटेन्सीनरोधके पूर्णतः वर्ज्य आहेत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांच्या वाढीस व कार्यास त्यांनी अपाय होतो. अशा स्त्रियांत मिथिलडोपा, लॅबेटॅलॉल व सावकाश सुटणारे निफेडिपीन वापरतात. गर्भावस्थेतील तीव्र अतिरक्तदाबात शिरेतून देण्यासाठी अन्यत्र मागे पडलेले हायड्रॅलाझीन अद्यापही उपयोगात आहे.